वराहपालन : घरच्या घरी खाद्य

वराहपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. कर्जाचा हप्ता फिटणे वा थकणे त्यावरच ठरते, हे आम्ही बँकेत रोज पाहतो. आपल्या जिल्ह्यात मका मुबलक. तेव्हा खाद्य घरीच करावे. वाढत्या डुकरांसाठी १०० किलोचे प्रमाण असे : मका ५५, गव्हाचा कोंडा २३, शेंगदाणा पेंड २०, खनिज मिश्रण दीड व मीठ अर्धा किलो.

मका बारीक भरडावा. पिठासारखा दळल्यास जठरात व्रण होऊ शकतात. मीठ व खनिज मिश्रण आधी थोड्या कोंड्यात कालवावे, मग ढिगात मिसळावे. मीठ एकीकडेच राहिले आणि प्यायला पाणी कमी पडले, तर जनावर दगावते. बुरशीचा मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यातील विष शिजवूनही पुरते जात नाही.