‘काय सांगता!’चा इंग्रज भाऊ

सिल्वासाच्या इतिहासातली एक गोष्ट ऐकली की ‘काय सांगता!’ तोंडून निघतंच. २ ऑगस्ट १९५४ रोजी इथली पोर्तुगीज सत्ता संपली, पण दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख पुढची सात वर्षं कागदोपत्री भारतात आला नाही. १९६१ मध्ये विलीनीकरण ठरलं. करारावर समोरून पंडित नेहरू सही करणार, मग इकडूनही तोलामोलाचा माणूस हवा! म्हणून के. जी. बदलानी हे सनदी अधिकारी एका दिवसापुरते पंतप्रधान झाले.

हेच इंग्रजीत ऐकणारा म्हणेल, ‘यू डोन्ट से!’

शब्दशः अर्थ ‘तुम्ही सांगत नाही’. समोरचा तर घडाघडा सांगतोय! पण हा नकार नावापुरता; भाव ‘काय सांगता!’चाच. सिल्वासाच्या बाजारात गुजराती माणूस अशा वेळी ‘शुं वात करो छो!’ म्हणतो आणि हिंदीवाला ‘क्या बात करते हो!’ आपण सगळे प्रश्न टाकतो, इंग्रज नन्नाचा पाढा लावतो. १९५४पर्यंत इथल्या कचेऱ्यांत चालणाऱ्या पोर्तुगीजमध्येही अविश्वासाचा उद्गार ‘मला सांगू नका’ असाच आहे.

उच्चाराची खरी गंमत ‘से’मध्ये. मराठी ‘से’ एका जागी स्थिर राहतो. इंग्रजी स्वर ‘ए’वरून ‘इ’कडे घसरतो, ‘सेइ’सारखा, पण एकाच झटक्यात. ‘डोन्ट’चा ‘ओ’ही तसाच ‘उ’कडे झुकतो. ‘ड’साठी आपल्यासारखी जीभ वळवायची नाही, वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकवायची. ‘ट’ जेमतेम ऐकू येतो. आणि सगळा जोर शेवटच्या ‘से’वर. तो ‘यू’वर दिला की वाक्य फसलंच.

सूर मात्र सांभाळावा लागतो. ऐन जुलैत कुणी ‘सिल्वासात पाऊस पडतोय’ अशी बातमी दिली आणि उत्तरादाखल सपाट, थंड आवाजात ‘यू डोन्ट से’ आलं, तर तो चक्क टोमणा: ‘हो का? आम्हाला माहीतच नव्हतं!’ हल्ली हा वाक्प्रचार खऱ्या आश्चर्यापेक्षा अशा खोचकपणासाठीच अधिक ऐकू येतो.

तेव्हा कारखान्यात साहेबांनी बढतीची बातमी दिली, तर आपलं ‘रिअली, सर?’ बरं.