ठोशाआधी पाऊल

चिनी युद्धकला म्हटली की आपल्याला चित्रपटांतल्या उड्या आठवतात. बीजिंगच्या बागांत बागुआझांगचा सराव करणारे मात्र पहाटे एखाद्या झाडाभोवती नुसते गोल चालत असतात. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटेल. पण या पद्धतीचं सगळं बळ त्या चालण्यातच आहे.

तिचे पहिले ज्ञात गुरू दोंग हाइछुआन एका मांचू राजपुत्राच्या वाड्यात चाकरीला होते. १८८२मध्ये ते वारले. डोंगरातल्या साधूनं त्यांना विद्या दिली, असं शिष्य सांगत. संशोधक कांग गवू यांचा निष्कर्ष मला जास्त पटतो: ताओपंथीयांची मंत्र जपत गोल फिरण्याची साधना दोंग यांनी ठाऊक असलेल्या डावपेचांशी जोडली.

चालण्याची मूळ रीत चिखल तुडवल्यासारखी. गुडघे वाकलेले, डोकं एकाच उंचीवर. मागचा पाय दुसऱ्या घोट्याजवळून सरकत पुढे येतो आणि सबंध तळवा एकदम टेकतो. तोवर भार मागच्या पायावरच असतो. त्यामुळे जमीन निसरडी निघाली किंवा कुणी पाय झाडला, तर पुढचा पाय तोल न जाता मागे घेता येतो.

वळण्यासाठी दोन पावलं: एकात चवडा बाहेर उघडतो, दुसऱ्यात आत वळतो. समोरचा सरळ चालून आला की पहिल्या पावलानं त्याच्या रेषेतून बाजूला व्हायचं, दुसरं त्याच्या टाचेमागे अडकवायचं आणि छातीवर तळहात टेकवून ढकलायचं. मागे पाऊल घ्यायला त्याला जागाच उरत नाही. दोंग यांचे शिष्य छंग तिंगह्वा चष्मे विकत; ते आधी कुस्तीगीर होते. त्यांच्या परंपरेत पाडापाडीचे डाव भरपूर आहेत, यात नवल नाही.

शिंगयीछुआन या दुसऱ्या चिनी युद्धकलेचा स्वभाव उलटा. तिथे बगल देणं कमी, सरळ घुसणं जास्त. पुढचं पाऊल आत शिरतं आणि मागचं लगेच तेवढंच ओढलं जातं. पवित्रा लांबत नाही, म्हणून ठोसा संपताच दुसऱ्या झेपेची तयारी असते. या अर्ध्या पावलासाठी शिंगयीचे गुरू क्वो युनशन प्रसिद्ध होते. तुरुंगात पायांत बेड्या असताना ते त्यांना सुचलं म्हणतात. गोष्ट झकास आहे, पण मला ती मागाहून रचलेली वाटते. या पावलाला बेडीची गरजच नाही.

सुन लूतांग (१८६०–१९३३) या दोन्ही परंपरा शिकले. १९१५मध्ये त्यांचं शिंगयीवर पुस्तक निघालं, पाठोपाठ बागुआवर. नंतर त्यांनी स्वतःची ताइची बसवली, तीत एक पाय पुढे गेला की दुसरा मागोमाग जातो. मागे सरला तरी तसंच. हात ताइचीचे, पण पाय उघडपणे शिंगयीचे. पवित्रा उंच असल्यानं या पद्धतीत गुडघ्यांवर ताण कमी येतो. ऑस्ट्रेलियातले डॉ. पॉल लॅम यांनी १९९७मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी ताइचीचा अभ्यासक्रम आखला, तो मुख्यतः सुन पद्धतीवरच.