मनोराज्य आणि कापसाची गंजी

मनोराज्य हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याविषयी आणि उपहासानेच वापरतो. स्वतःच्या मनोराज्याला आपण योजना म्हणतो. २०२३ च्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांच्या घरी आधीच्या दिवाळीपासूनचा कापूस तसाच पडून होता, तेव्हा शहरातील सुशिक्षितांनी त्यांना शेखमहंमदाच्या पंक्तीला बसविले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या आरोपाची छाननी टाळता येत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता. खुल्या बाजारातील भाव २०२२ च्या आरंभी दहा हजारांपुढे गेला आणि उन्हाळ्यात विदर्भातील काही बाजारांत बारा हजारांवर पोहोचला. ज्यांनी दिवाळीच्या सुमारास चुकारा घेऊन किराणा व देणी भागविली होती, त्यांच्या पदरी या तेजीतले काहीच पडले नाही. पुढल्या वर्षी त्यांनी कापूस राखला. खोल्यांत गंज्या लागल्या, माणसे ओसरीवर निजू लागली, अंगाला खाज सुटली. भाव मात्र आठ हजारांच्या आसपास रेंगाळला आणि उन्हाळ्यात त्याहूनही खाली उतरला.

दिवास्वप्न हा आळशांचा रोग नव्हे, हे मानसशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. अतृप्त इच्छा हे त्याचे मूळ, असे फ्रॉइडने १९०८ साली मांडले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत तर जागेपणीच्या सुमारे ४७ टक्के वेळी माणसांचे मन हातच्या कामापासून दूर भटकत असल्याचे आढळले. तेव्हा डवऱ्यामागे चालणारा गडी आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक, दोघेही सारखेच अपराधी! अधिक उपयोगी भेद केला तो गॅब्रिएले एटिंगेन या विदुषीने. २००२ च्या एका शोधनिबंधात तिने अपेक्षा आणि कल्पनाविलास वेगळे केले. पूर्वानुभवावर उभी असलेली अपेक्षा माणसाला कामाला लावते. इच्छापूर्तीची नुसती गोड चित्रे त्याचा प्रयत्न सैल करतात.

या कसोटीवर बारा हजारांचा भाव हे आरंभी तरी मनोराज्य नव्हते. तो एकदा प्रत्यक्ष मिळालेला भाव होता. पंचतंत्रातील सातूच्या पिठाचे मडके टांगून निजलेला ब्राह्मणसुद्धा हिशेबात चुकत नव्हता, हे आपण विसरतो. दुष्काळ पडेल, पिठाचे शंभर रुपये होतील, त्यांतून शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या असे त्याचे गणित होते. साठा राखून तेजीची वाट पाहणारा व्यापारी याहून वेगळे काय करतो? फरक इतकाच की, व्यापाऱ्याजवळ गोदाम असते, भांडवल असते आणि चार बाजारांची खबर असते. ब्राह्मणाजवळ एकच मडके होते. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ वर्षाचे एकच पीक.

तथापि शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती, असे म्हणणे ही खुशामत होईल. होळीपर्यंत भाव हलला नाही, तेव्हा अपेक्षा संपली होती. उरला तो कल्पनाविलास. गेल्या वर्षी हुकलेला भाव माणसाच्या मनात यंदाच्या भावापेक्षा अधिक खरा होऊन बसतो. शेअर बाजारात पडलेले समभाग खरेदीच्या किमतीची वाट पाहत वर्षानुवर्षे सांभाळणारे आमचे पगारदार मित्र हेच करतात, पण त्यांना कोणी शेखमहंमद म्हणत नाही. त्यांच्या घरात झोपायला जागा उरते.

त्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. गंजी आढ्याला टेकली होती. त्याची आई एकेक भाग दाखवीत सांगत होती : दाराजवळचा विहिरीच्या मोटारीचा, मधला याच्या शिक्षणाचा, भिंतीकडचा पोरीच्या लग्नाचा. मृगापूर्वी बियाण्याला पैसा हवा होता. दाराजवळचा आणि मधला विकूनही भागले नाही. मी गेलो त्या दिवशी भिंतीकडचा कापूस गाडीत भरणे चालू होते.