ड्रोन आला म्हणून हेलिकॉप्टर संपले काय?

‘आता ड्रोन आला आहे, मग ते रिमोटचे हेलिकॉप्टर शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मला इतक्या वेळा, आणि तोही इतक्या जाणत्या माणसांकडून, विचारला जातो की, त्याचे सविस्तर उत्तर एकदा लेखी देऊन ठेवणे हे मी आता कर्तव्यच समजतो. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्रावर भरणाऱ्या ‘कृषिक’सारख्या प्रदर्शनांमुळे आणि उसाच्या फडावर औषध फवारीत फिरणाऱ्या यंत्रांमुळे ड्रोन ही वस्तू आमच्या मुलखात आता अपरिचित राहिलेली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु त्या परिचयातूनच दोन भ्रामक समजुती रूढ झाल्या आहेत. ड्रोन म्हणजे हेलिकॉप्टरचीच सुधारलेली आवृत्ती, ही पहिली. आणि उडते ते यंत्र, माणूस नुसता बटण दाबतो, तेव्हा यात स्पर्धा करण्यासारखे आहे तरी काय, ही दुसरी. या समजुती निरुपद्रवी असत्या तर मी त्यांची दखल घेतली नसती. परंतु अभियांत्रिकी महाविद्यालयातील आणि आयटीआयमधील ज्या मुलांचे हात या विद्येसाठी अगदी योग्य आहेत, त्यांना त्यांचेच पालक, आणि प्रसंगी त्यांचे शिक्षकही, याच दोन वाक्यांनी परावृत्त करतात, आणि ते पाहून मन उद्विग्न होते.

प्रथम ड्रोनचाच विचार करू. चार किंवा सहा पंखे असलेल्या ड्रोनच्या प्रत्येक पंख्याची पाती एका ठराविक कोनात कायमची घट्ट बसविलेली असतात, आणि यंत्र वर न्यायचे, कलवायचे किंवा वळवायचे, हे सर्व कार्य निरनिराळ्या मोटारींचा वेग कमीअधिक करून साधले जाते. ही वेगाची जुळवाजुळव दर सेकंदास शेकडो वेळा करावी लागत असल्यामुळे ती मनुष्याच्या आवाक्यातली नाही; ती यंत्रातील संगणक करतो, आणि चालविणारा त्यास केवळ आपली इच्छा कळवितो. त्याने ट्रान्समीटरच्या काड्यांवरून बोटे काढली की उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ओळखणारे ते यंत्र जागच्या जागी स्थिर राहते. शेतीच्या कामास हा गुणच आहे, आणि त्याची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

हेलिकॉप्टरची रचना मुळातच वेगळी आहे. त्याच्या मुख्य रोटरचा वेग उड्डाणभर जवळपास एकसारखा ठेवलेला असतो, आणि बदलतो तो पात्यांचा कोन. दांड्याभोवती बसविलेली स्वॉशप्लेट नावाची तबकडी वर-खाली सरकली म्हणजे सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो किंवा घटतो आणि यंत्र चढते किंवा उतरते; तीच तबकडी एका बाजूस कलली म्हणजे प्रत्येक पात्याचा कोन एकाच फेऱ्यात वाढून पुन्हा घटतो आणि यंत्र त्या दिशेस झुकते. मुख्य रोटरच्या प्रतिक्रियेने सांगाडा उलट दिशेने गरगर फिरू नये म्हणून शेपटीचा लहान रोटर त्यास अडवून धरतो. पात्याचा कोन शून्याच्या खाली, म्हणजे ऋण, नेता येत असल्यामुळे हे यंत्र पालथे होऊनही एका जागी तरंगू शकते, जे सामान्य ड्रोनला करता येत नाही. शिवाय एका मोठ्या रोटरने पुष्कळ हवा सावकाश ढकलणे हे अनेक लहान पंख्यांनी थोडी हवा वेगाने ढकलण्यापेक्षा कमी शक्तीत होते, हा वायुगतिशास्त्राचा प्राथमिक सिद्धांत आहे. तेव्हा एक यंत्र दुसऱ्याची जुनी आवृत्ती नसून, एकाच कार्याची ही दोन निरनिराळी उत्तरे आहेत.

‘यंत्र आपोआप उडते’ या दुसऱ्या समजुतीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण स्पर्धेचा सारा अर्थ तेथेच दडलेला आहे. स्पर्धेच्या हेलिकॉप्टरात गायरो असतात, हे खरे; पण ते यंत्राच्या फिरण्याचा वेग तेवढा ताब्यात ठेवतात. क्षितिज कोठे आहे आणि आपण कोणत्या जागेवर आहोत, हे त्यांस ठाऊक नसते. काड्या सोडल्या तर यंत्र ज्या कलात असेल त्याच कलात राहून त्या बाजूस घसरत जाते, आणि दोन-तीन सेकंदांत जमिनीस मिळते. आपोआप सरळ होणारी आणि उपग्रहांच्या आधारे थांबणारी मॉडेल हेलिकॉप्टरे बाजारात मिळतात, हे मी नाकारीत नाही. परंतु आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांनी असले साहाय्य आणि आधी आखून ठेवलेल्या कसरती यांस स्पष्ट मनाई केलेली आहे. यंत्राचे तोंड आपल्याकडे असताना डावे उजवे होते आणि पुढे नेण्यासाठी दिलेला इशारा त्यास आपल्याच अंगावर आणतो; उसाने भरलेली ट्रॉली मागे घेताना ट्रॅक्टरचे चाक ज्या उलट्या दिशेने फिरवावे लागते, ती सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्यास ही अडचण पटकन समजेल. फरक इतकाच की, येथे चार नियंत्रणे एकाच वेळी सांभाळावयाची असतात आणि विचार करण्यास थांबण्याची सोय नसते.

या क्रीडेचे नियमन करणारी संस्था म्हणजे १९०५ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघ, अर्थात एफएआय; भारताच्या वतीने तिचे सदस्यत्व एअरो क्लब ऑफ इंडियाकडे आहे. हेलिकॉप्टरांसाठी तिचे दोन प्रमुख वर्ग आहेत. एफ३सी या वर्गात आधी जाहीर झालेल्या कसरती ठराविक क्रमाने कराव्या लागतात: काही स्पर्धकाच्या समोर, जवळजवळ डोळ्यांच्या उंचीवर, संथ तरंगत, आणि काही वेगाने जाता जाता आकाशात. प्रत्येक कसरतीस परीक्षक शून्य ते दहा गुण देतात आणि कठीणपणाच्या मानाने त्यांस गुणक लावला जातो. वर्तुळ वाकडे झाले, थांबा अर्धा सेकंद कमी पडला, शेपूट किंचित हलली, की गुण गेले. एफ३एन या वर्गात मुक्त कसरतींना वाव असून त्यांतील एक उड्डाण संगीताच्या साथीने करावयाचे असते. अमेरिकेचा कर्टिस यंगब्लड आणि जपानचा हिरोकी इतो यांनी या क्रीडेत जगज्जेतेपद मिळविले, ते बटण दाबून मिळविले असे ज्यास वाटत असेल, त्याने एफ३सीमधील ऑटोरोटेशन एकदा पाहावे. त्यात मोटारीची शक्ती बंद करून हेलिकॉप्टर खाली सोडले जाते. पात्यांचा कोन उतरविला की खालून येणारी हवाच रोटरला फिरवीत ठेवते, आणि जमीन जवळ येताच तो कोन वाढवून, पात्यांत साठलेली तीच गती खर्च करून, आखलेल्या वर्तुळात यंत्र अलगद टेकविले जाते. साठा एकाच प्रयत्नापुरता असतो; अंदाज लवकर केला तर यंत्र हवेतच निर्बल होते, उशिरा केला तर आदळते. चार पंख्यांच्या ड्रोनची वीज गेली तर तो दगडासारखा पडतो, आणि त्या क्षणी चालविणाऱ्याचे कौशल्य त्याच्या काहीच कामी येत नाही.

आणि शेतीत ड्रोन आधी आला, हेही इतिहासास धरून नाही. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटरने १९७० च्या सुमारास विश्वासाने उडणारे मॉडेल हेलिकॉप्टर सिद्ध करून दाखविले. त्यानंतर दोन दशकेही उलटली नव्हती, तोच जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली आर-५० हे भातावर फवारणी करणारे मानवरहित हेलिकॉप्टर तयार केले, आणि १९९७ साली आरमॅक्स हे त्याचे प्रगत रूप आणले. ज्या प्रकारची फवारणी आज आमच्या उसावर नवलाईची म्हणून दाखविली जाते, ती जपानी शेतकरी आमच्या पुष्कळ आधी पाहत होता, आणि ती हेलिकॉप्टरने होत होती.

या क्रीडेस आमचा मुलूख अनोळखी आहे, असेही मला वाटत नाही. ज्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले, त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही देशातील पहिली विमाननिर्मितीची कंपनी उभारली. आणि खुद्द वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांची धातूची आवरणे घडविली जातात. शतांश मिलिमीटरची किंमत जाणणारे फिटर आणि टर्नर ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेथे रोटरची दोन पाती एकाच पातळीत फिरतात की नाही हे टोकांना निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या लावून पाहणे, बेअरिंगमधला कचका ओळखणे, दांड्याचा बाक काढणे, ही कामे शिकविण्यास गुरू शोधावा लागणार नाही. उलट एक गोष्ट येथे नव्याने शिकावी लागेल. बारामतीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीस पोचला की येथील हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे एक सप्तमांश विरळ होते. त्यामुळे थंडीत बसविलेला पात्यांचा कोन उन्हाळ्यात अपुरा पडतो आणि मोटार तापते.

आता इतर समजुती थोडक्यात. ‘हे मुलांचे खेळणे आहे’, असे म्हणणाऱ्याने एक साधा गुणाकार करावा: मोठ्या स्पर्धेच्या हेलिकॉप्टरच्या रोटरचा व्यास सुमारे १.५८ मीटर आणि फेरे मिनिटास २,००० धरले, तर पात्याचे टोक ताशी जवळजवळ ६०० किलोमीटर वेगाने फिरते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९ वर्षांच्या एका सरावलेल्या तरुणाचा स्वतःच्याच मॉडेलचे पाते लागून मृत्यू झाला. या विद्येत शिस्त आधी आणि कसरत मागाहून, हा क्रम बदलता येत नाही. ‘पण यवतमाळकडे एक मुलगा हेलिकॉप्टर बनवितानाच गेला ना?’ होय, ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगी येथे ती हृदयद्रावक घटना घडली, परंतु ते माणूस वाहून नेण्यासाठी घरी बांधलेले यंत्र होते, आणि त्याचा या क्रीडेशी संबंध जोडणे त्या तरुणावर आणि या क्रीडेवर, दोहोंवर अन्याय आहे. ‘श्रीमंतांचा शौक’ हे अर्धसत्य आहे: मोठे यंत्र, ट्रान्समीटर आणि बॅटऱ्या मिळून खर्च लाखांच्या घरात जातो, पण ते पहिल्या दिवशी घेण्याची वस्तू नव्हे, पहिले कित्येक महिने महाविद्यालयातील संगणकावरच्या सिम्युलेटरवरच घालवावयाचे असतात, आणि तेथे पडलेल्या हेलिकॉप्टरास दुरुस्तीचा खर्च नसतो. ‘मुलींचे हे काम नव्हे’ हे तर आता ऐकवतही नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली ती स्त्रियांच्या हातांवर विश्वास ठेवूनच.

‘हे सारे बेकायदा आहे’, या भीतीत मात्र थोडे तथ्य आणि पुष्कळ अज्ञान आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी जारी झालेल्या ड्रोन नियमांच्या कक्षेत मॉडेल हेलिकॉप्टरही येते. परंतु २५ किलोपर्यंतचे, केवळ शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडविले जाणारे यंत्र असेल तर त्यास प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. २ किलोपर्यंतचे यंत्र धंद्यासाठी न उडविता उडविल्यास चालकास प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड यंत्रासाठी ते लागते, आणि त्यास वयाची अठरा वर्षे व दहावी उत्तीर्ण ही पात्रता आहे. सबब शाळकरी मुलांनी लहान यंत्रांवर शिकावे, हे कायद्यानेही योग्य आणि अकलेनेही. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील चालू तरतुदी आणि नकाशा पाहिल्याखेरीज कोणीही ट्रान्समीटर हाती धरू नये. त्या नकाशातील हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही मर्यादा ४०० फुटांची आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीजवळ धावपट्टी असून तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, म्हणून तिच्या भोवतालचा प्रदेश आपल्यासाठी नाहीच. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारांना घाबरविण्याचा आपणांस अधिकार नाही, आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ येथील उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरलेले असताना तेथे उडविणे हा निखालस अपराध समजावा.

मग जागा कोठली? इंदापूरच्या जिराईत पट्ट्यातील मोकळे माळरान, मालकाची परवानगी घेऊन; किंवा महाविद्यालयाचे मैदान, सुट्टीच्या दिवशी, प्राचार्यांच्या लेखी संमतीने आणि प्रेक्षकांस दोरीच्या पलीकडे ठेवून. उभ्या उसाशेजारी उडवू नये. बारा फुटी फडात पडलेले यंत्र शोधताना अख्खा दिवस जातो आणि पिकाची नासाडी होते ती वेगळीच. तोडणीनंतरच्या शेतात तर कधीच नको: लिथियमच्या बॅटरीस आदळल्यावर आग लागू शकते, आणि खाली वाळलेले पाचट असेल तर ती आग शेजाऱ्याच्या फडापर्यंत पोचण्यास फार वेळ लागत नाही. बॅटऱ्या उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नयेत, भारित करताना त्यांच्याजवळ बसून राहावे, आणि मैदानावर वाळूने भरलेली बादली पहिल्या उड्डाणाच्या आधीच आणून ठेवावी.