खुडूक कोंबडीला शिक्षा नको

आमच्या परसातली तांबडी कोंबडी पहिल्यापासून फार खुडूक होणारी. एकदा बसली की खुराड्याच्या कोपऱ्यात अंग चपटं करून, पिसं फुलवून पडून राहते. खाली अंडं असो वा नसो. हात पुढे केला की गुरगुरते आणि कचकन टोचते. पोटाखाली हात घालावा तर कातडी उघडी आणि चांगलीच गरम लागते, कारण छातीची पिसं तिनेच उपटलेली असतात. दिवसातून एखाद्या वेळी उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, उग्र वासाची भलीमोठी शीट टाकते आणि धावत जागेवर परतते.

पुष्कळांना हा हट्ट वाटतो. पण देशी कोंबडीची दहा-पंधरा अंडी घालून झाली की तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मग अंडी बंद होतात आणि उबवायची ओढ लागते. पोल्ट्रीतल्या लेगहॉर्नमधून हा गुण निवड करकरून जवळपास नाहीसा केला आहे. असील मात्र आजही उत्तम उबवते.

अंड्यांतून पिल्लं एकवीस दिवसांत निघतात. तांबडीसारखी कोंबडी रिकाम्या पेंढ्यावर बसली तर पिल्लं निघणारच नाहीत, आणि ती कितीतरी आठवडे उठत नाही. खाणं तुटतं, वजन उतरतं, तुरा फिका पडतो. मातीत लोळणं थांबल्यामुळे अंगावर उवा माजतात. म्हणून तिला वेळेवर उठवणं गरजेचं.

त्यासाठी कुणी कोंबडीला पाण्यात बुचकळतं, कुणी नाकात पीस खुपसतं. मला हे पाहवत नाही. जिवाला त्रास होतो, आणि पावसाळ्यात भिजलेली कोंबडी गारठते ती वेगळीच.

मी जाळीच्या तळाचा पिंजरा चार विटांवर ठेवते. आत पेंढा नाही, तूस नाही. फक्त दाणा आणि पाणी. जागा सावलीची, पण उजेडाची. खालून वारा लागला की पोट गार पडतं आणि घरटं केल्यासारखं बसताच येत नाही. तीन-चार दिवसांनी सोडून बघायचं. इतर कोंबड्यांबरोबर माती उकरायला लागली तर काम झालं. तडक खुराड्यात पळाली तर आणखी दोन दिवस पिंजरा. लवकर उठवलेली कोंबडी साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. एरवीही अंडी रोज उचलावीत. साठलेली अंडी दिसली की बसायची ओढ वाढते.

पिल्लं हवी असतील तर अशी कोंबडी म्हणजे घरचं उबवणी यंत्रच. रात्रीच्या अंधारात तिच्याखाली दहा-बारा अंडी सरकवावीत. ती कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत. दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण पोल्ट्रीत अंड्यावरच्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवलेलाच नसतो. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात दिसत नाही ते काढून टाकावं. दाणापाणी तिच्या जवळ ठेवावं आणि राख-मातीचा खड्डा लोळायला मोकळा सोडावा.

कोंबडी खुडूक झाली की पहिल्या दोन दिवसांतच ठरवा. पिल्लं हवीत तर अंडी द्या, नको असतील तर पिंजऱ्यात ठेवा. तिला रिकाम्या पेंढ्यावर झिजत मात्र ठेवू नका.