केरी कुटुंबाचं बस्तान बसायला सहा वर्षं का लागली?

ज्यांना भाग ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलताना शंभरदा आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा विषय आहे परदेशात येऊन राहिलेलं एक मिशनरी कुटुंब. विल्यम केरी हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मराठी भाषेचं व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, ते याच केरींचं. 1810 मध्ये त्यांचा मराठी कोश आला, तोही मोडी लिपीत. वैजनाथ शर्मा नावाचे पंडित त्यांच्या मदतीला होते. छपाईच्या इतिहासात केरींचा हा भाग सगळीकडे सापडतो. पण त्यांच्या घरात काय चाललं होतं, हे एका ओळीत उरकलं जातं. आज आपण ती एक ओळ सोडवून बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या देशात बस्तान बसायला चार गोष्टी लागतात: राहायची परवानगी, पैसा, भाषा आणि जवळची माणसं. ज्याने जायचं ठरवलं त्याला यातल्या पहिल्या तीन गोष्टी कामातून मिळत जातात. ज्यांना सोबत जावं लागलं त्यांना चौथी गोष्ट मिळाली नाही, तर पहिल्या तिन्हींचा त्यांना फारसा उपयोग नसतो.

निघताना काय झालं

केरी मूळचे नॉर्थॅम्प्टनशायरचे. जोडे शिवून पोट भरायचे, शिकवायचे, चर्चमध्ये प्रवचन करायचे. 1781 मध्ये त्यांचं डोरोथीशी लग्न झालं. ती त्यांच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी होती आणि तिला लिहितावाचता येत नव्हतं. ऑक्टोबर 1792 मध्ये केटरिंग गावात बॅप्टिस्ट मंडळींनी मिशनरी संस्था काढली आणि काही महिन्यांतच केरींनी भारतात जायचं ठरवलं.

डोरोथीने नाही म्हटलं. ती गरोदर होती, दोन मुली आधीच दगावल्या होत्या, आणि आपला परगणा सोडून ती कधी लांब गेली नव्हती. केरी मोठ्या मुलाला, फेलिक्सला घेऊन निघाले. सोबत जॉन थॉमस नावाचे डॉक्टर होते. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही आणि थॉमस यांच्या डोक्यावर कर्ज, म्हणून त्यांना जहाजावरून उतरवलं गेलं.

या खोळंब्यात डोरोथी बाळंत झाली. थॉमस आणि केरी पुन्हा तिची मनधरणी करायला गेले. शेवटी ती एका अटीवर तयार झाली: बहीण किटी सोबत येणार असेल तरच. ही अट लक्षात ठेवा. बाईने स्वतःच्या बस्तानासाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती.

13 जून 1793 ला हे सगळे एका डॅनिश जहाजातून निघाले. मोठी माणसं तीन, मुलं चार: फेलिक्स, विल्यम, पीटर आणि काही आठवड्यांचा जेबेझ. शिवाय थॉमस. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, ते कलकत्त्याला पोचले.

पहिली अडचण: परवानगी आणि पैसा

त्या काळात कंपनीच्या मुलखात राहायचं तर कंपनीचा परवाना लागायचा, आणि मिशनऱ्यांना तो द्यायला कंपनी तयार नसायची. ही आडकाठी 1813 च्या चार्टर कायद्यानंतर सैल झाली. म्हणजे केरी कुटुंब इथे आलं तेव्हा आजच्या भाषेत विनाव्हिसा होतं.

पैशाचंही तेच. रोख रकमेऐवजी विकण्यासाठी माल आणला होता आणि व्यवहार थॉमस यांच्या हातात होता. ते पैसे बघता बघता संपले. पहिल्या तीन महिन्यांत या कुटुंबाने कलकत्ता, बांडेल, पुन्हा कलकत्त्याजवळ माणिकतला अशी घरं बदलली. डोरोथी आणि फेलिक्स रक्ती हगवणीने आजारी पडले. केरींच्या रोजनिशीत नोंद आहे की बायको आणि मेहुणी सतत तक्रार करतात, माझ्या कामाचं महत्त्व त्यांना कळत नाही. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा केरींची दया आली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वाटलं, अहो, पण त्या म्हणतायत ते खोटं कुठे आहे? घर नाही, पैसा नाही, घरात पाव नाही, मूल आजारी.

फेब्रुवारी 1794 मध्ये ते सुंदरबनात देभाट्याला गेले. मिठाच्या खात्यातला चार्ल्स शॉर्ट नावाचा इंग्रज अधिकारी तिथे राहायचा. आगापिछा माहीत नसताना त्याने या सगळ्यांना घरात घेतलं. केरींनी शेजारी जमीन साफ करून बांबूचं घर बांधायला घेतलं. वाघांचा मुलूख, पण पोटाची चिंता जरा कमी झाली.

दुसरा टप्पा: कागदावर सगळं जमलं

मग माल्द्याचे कंपनी अधिकारी जॉर्ज उडनी यांच्याकडून नोकरी आली. मदनाबाटीच्या नीळकोठीवर व्यवस्थापक म्हणून महिना 200 रुपये. कागदोपत्री केरी आता नीळवाले झाले, त्यामुळे राहायची परवानगीही मिळाली. कोठीच्या कामकऱ्यांशी रोजचा संबंध आणि रामराम बसूंसारखा मुनशी, त्यामुळे बंगाली झपाट्याने सुधारली.

बघा, यादीतल्या तीन गोष्टींवर टिक झाली. प्रोजेक्टच्या भाषेत म्हणायचं तर डॅशबोर्ड हिरवा.

पण त्याच हालचालीत एक गोष्ट निसटली. किटी देभाट्यालाच थांबली. तिचं आणि शॉर्टचं लग्न ठरलं होतं. बंगालमधून डोरोथीच्या ओळखीचं म्हणावं असं एकमेव माणूस वजा झालं. नदीतून नावेने आठवड्यांचा प्रवास करून ती नव्या कोठीवर आली ती एकटी. आजूबाजूला इंग्रजी बोलणारं जवळपास कोणी नाही. थॉमस होते, तेही दुसऱ्या कोठीवर.

ऑक्टोबर 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. केरी स्वतः तापाने फणफणलेले. मृतदेहाच्या विटाळाच्या आणि जातीबाहेर पडण्याच्या भीतीने कबर खणायला कोणी पुढे येईना. शेवटी चार मुसलमान माणसं तयार झाली. गावकऱ्यांनी वाईटपणा केला असं यातून काढू नका. त्यांच्याकडे मेलेल्या परक्याला हात लावायचे नियम होते आणि ते मोडण्याची किंमत होती. पण आपल्याच लेकराला मूठमाती द्यायला माणूस मिळत नाही, हे त्या आईने बघितलं.

1795 च्या सुरुवातीपासून डोरोथीचं मन ढळलं. नवरा आपल्याला फसवतोय असा भ्रम तिला झाला, ती आरडाओरडा करायची, अंगावर धावून जायची. पुढे तिला खोलीत बंद ठेवण्याची वेळ आली. 1796 मध्ये जोनाथन जन्मला. तिचा आजार फक्त परदेशवासामुळे झाला असं मी म्हणणार नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करणं माझं काम नाही. पण आधाराची एकेक काठी कशी काढली गेली, तो क्रम आपल्यासमोर आहे.

तिसरा टप्पा: श्रीरामपूर

पावसापाण्याने नीळ बुडत गेली आणि 1799 मध्ये उडनींनी कोठी बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी इंग्लंडहून मार्शमन, वॉर्ड, ब्रन्सडन वगैरे नवी मंडळी आली. कंपनीने त्यांना आत येऊ दिलं नाही, म्हणून ती श्रीरामपूरला थांबली. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि तिथल्या गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. 10 जानेवारी 1800 ला केरी कुटुंबही तिथे आलं.

इथे पहिल्यांदा घर चालवण्याची व्यवस्था मुद्दाम विचार करून लावली गेली. सगळ्यांचं जेवण एकत्र, मिळकत एका थैलीत. घरकारभार प्रत्येकाने एकेक महिना पाळीने बघायचा. शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याची भांडणं मिटवायची. हॅना मार्शमन यांनी शाळा काढली आणि उंडारलेल्या केरी मुलांची आई झाल्या. फेलिक्सला वॉर्ड यांनी छापखान्यात हाताशी घेतलं. मुलं माणसात आली ती इथे.

डोरोथीसाठी मात्र उशीर झाला होता. केरी भाषांतरं करत असताना शेजारच्या खोलीतून तिचा आवाज येत असे, असं सहकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. 8 डिसेंबर 1807 ला ती गेली. आपलं मराठी व्याकरण दोन वर्षांपूर्वी छापून झालं होतं, कोश यायला तीन वर्षं होती. केरींच्या कामाची किंमत यामुळे कमी होत नाही, पण त्या कामाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हेही लिहायला हवं.

यातून काय घ्यायचं

माझ्या ओळखीतले बरेच जण सध्या ऑनसाइटला जातायत. सगळ्यांकडे एक्सेल शीट असते: व्हिसा, भाडं, शाळा, विमा. ती बनवतो तो, ज्याला ऑफर लेटर आलंय. त्यात एक रांग वाढवा: सोबत येणाऱ्या माणसाचं तिथे कोण आहे? बहीण, मैत्रीण, मराठी मंडळ, शेजारची काकू, काहीही चालेल. आणि ती रांग रिकामी असेल तर ती भरायचं काम ज्याने जायचं ठरवलं त्याचं. पोचल्यावर बघू म्हणून ते पुढे ढकलू नका.

डोरोथीला सही करता येत नव्हती, तरी तिने ही गोष्ट बरोबर ओळखली होती. बहीण येणार असेल तरच येते, म्हणाली होती.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कोणी असं 'सोबत' गेलं असेल, तर पहिलं वर्ष कसं काढलं ते त्यांनाच विचारा आणि आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.