कुष्ठजन्य व्यंगांवरील शस्त्रक्रिया : वऱ्हाडच्या अनुषंगाने

शल्यशास्त्राच्या ग्रंथांत शस्त्रक्रियांची वर्गवारी बहुधा अवयवांवरून केलेली आढळते. हाताच्या शस्त्रक्रिया निराळ्या, पायाच्या निराळ्या, नेत्राच्या निराळ्या. कुष्ठरोगाच्या बाबतीत ही वर्गवारी फारशी उपयोगी पडत नाही. हात, पाय व डोळा हे तीन वेगवेगळे अवयव बिघडलेले दिसत असले, तरी बिघाडाचे मूळ एकाच ठिकाणी, म्हणजे मज्जातंतूत असते; आणि त्या मुळाला शस्त्रवैद्य सहसा पोहोचू शकत नाही. मृत झालेल्या मज्जातंतूत पुन्हा चैतन्य आणणारी शस्त्रक्रिया आज तरी हाताशी नाही. जे केले जाते, ते शरीरात शिल्लक उरलेल्या बळाची नव्याने वाटणी करणे होय. या शस्त्रक्रियांचे यश कशात मानावे व मर्यादा कोठे ओळखावी, हा प्रश्न त्यातूनच उद्भवतो.

वऱ्हाडात हा प्रश्न पुस्तकी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. याच जिल्ह्यात परतवाड्यानजीक कोठारा येथे लेप्रसी मिशनचे जुने रुग्णालय आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दत्तपूरची संस्था १९३६ पासूनची. वर्ध्यालाच १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. आणि वरोऱ्याचे आनंदवनही त्याच सुमाराचे. तपोवनाची स्थापना झाली तेव्हा चालमोगऱ्याच्या तेलाचे युग सरत आले होते. अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ साली सल्फोन वर्गातील औषधाचा गुण प्रथम प्रत्ययास आला व पुढील काही वर्षांत डॅप्सोनची गोळी भारतातही आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे रोगप्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोगमुक्ती शक्य झाली.

येथे एक विलक्षण विसंगती उत्पन्न झाली. जंतू मेले, पण बोटे वाकडीच राहिली. वैद्याच्या नोंदीत जो मनुष्य रोगमुक्त, तो गावाच्या दृष्टीने रोगीच. कारण गाव जंतू पाहत नाही, बोटे पाहते. उलट, ज्याच्या अंगावर संसर्गक्षम अवस्थेतील चट्टे वा गाठी आहेत पण हात सरळ आहेत, तो बाजारात बिनदिक्कत वावरतो. व्यंगाची भीती रोगाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली, आणि कायद्यानेही तिला दीर्घकाळ थारा दिला. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला व घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख वैयक्तिक कायद्यांतून २०१९ साली काढण्यात आला, इतके सांगितले तरी पुरे.

व्यंग येते कसे, हे पाहू. कुष्ठजंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. त्यामुळे कातडीलगत, हाडाच्या आधाराने जाणारे मज्जातंतू त्याला विशेषकरून बळी पडतात : कोपराच्या आतल्या बाजूचा अल्नर, मनगटाजवळचा मीडियन, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने वळसा घेणारा पेरोनियल, घोट्यामागचा टिबियल आणि चेहऱ्यावरील मज्जातंतूची पापण्यांकडे जाणारी शाखा. तंतू सुजतो, दुखतो, पुढे त्याचे वहन बंद पडते. त्यात तीन गोष्टी एकदम जातात. कातडीची जाणीव जाते, घाम येणे थांबून ती कोरडी पडून भेगाळते आणि त्या तंतूवर चालणारे स्नायू लुळे पडतात. बोटे झडणे हा रोगाचा धर्म आहे, ही समजूत चुकीची आहे. जाणीव नसलेल्या हाताला भाजते, चिरते, क्वचित रात्री उंदीर कुरतडतात, जखम चिघळते व हाड आतून झिजत जाते. रोग हाताला फक्त मुका करतो. पुढची हानी दैनंदिन व्यवहार करतात.

या हानीला एक ठरावीक नकाशा आहे, हे ध्यानात आले तेव्हा शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. पॉल ब्रँड हे इंग्रज शस्त्रवैद्य वेल्लोर येथे असताना १९४७ साली चिंगलपेटच्या कुष्ठालयात गेले आणि तेथील रुग्णांचे वाकलेले हात पाहून त्यांनी चिकित्सेला आरंभ केला. त्यांना असे आढळले की, पंजातील लहान स्नायू लुळे पडले, तरी अग्रबाहूतील बरेचसे स्नायू शाबूत असतात. कारण मीडियन तंतू मनगटाजवळ जखडतो, त्याच्या अग्रबाहूतील शाखा त्याआधीच फुटलेल्या असतात. आणि मनगट उचलणारा रेडियल तंतू तर क्वचितच सापडतो. म्हणजे प्रत्येक रुग्णाजवळ उसना देता येईल असा एखादा स्नायू बहुधा असतोच. पोलिओत लकव्याचा भरवसा नसतो, कोणता स्नायू जाईल हे सांगता येत नाही. येथे ते सांगता येते. १९४८ साली वेल्लोरला या तत्त्वावरील शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

पंजाच्या व्यंगात बोटांची मुळे मागे ताणली जातात व मधले सांधे आत वळतात. हात पक्ष्याच्या नखीसारखा दिसतो. मुठीत वस्तू धरण्यासाठी बोटे आधी मुळाशी वाकून मधे सरळ राहावी लागतात, नेमके तेच साधत नाही. त्यावरील मुख्य उपाय म्हणजे कंडरा-स्थानांतर. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मधल्या किंवा अनामिका बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी वरची सोडवून घेतात, तिचे चार पदर करतात व प्रत्येक पदर एकेका बोटाच्या बाजूस शिवतात. ब्रँड यांनी पुढे मनगट उचलणारा स्नायू वापरला आणि तो बोटांपर्यंत पोहोचत नाही म्हणून पायातील एक बारीक, एरवी निकामी कंडरा काढून त्याला चार शेपट्यांचा जोड दिला. अर्जेंटिनाच्या झँकोली यांनी बोटाच्या मुळाशी फास टाकण्याची सोपी रीत काढली. सांधे लवचिक असतील तर ती पुरेशी ठरते. अंगठ्यासाठी निराळी शस्त्रक्रिया करावी लागते. बहुधा अनामिकेची कंडरा तळव्यातून वळवून अंगठ्याला बांधतात, म्हणजे तो इतर बोटांसमोर येऊ लागतो.

अंगठ्याच्या या शस्त्रक्रियेचे मोल वऱ्हाडात वेगळे सांगावे लागू नये. अकोट, तेल्हारा, दर्यापूर या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात कापसाची वेचणी हे मजुराच्या, विशेषतः स्त्रीच्या, रोख कमाईचे साधन आहे. बोंडातून सरकी-कापूस उपसताना अंगठा व पहिली दोन बोटे यांची चिमूट लागते. आणि वेचणीची मजुरी सामान्यतः किलोवर मोजतात. ज्या हाताची चिमूट गेली, त्याची मजुरी त्याच प्रमाणात घटते. शस्त्रवैद्य बोटे किती अंश सरळ झाली याची नोंद ठेवतो. ती नोंद आवश्यकच आहे. परंतु वेचणीच्या ओळीत परत बसता आले की नाही, हे मोजमाप तिच्यापेक्षा खरे. तपोवनात शेती व हस्तोद्योग यांना जे स्थान मिळाले, त्यामागेही हीच दृष्टी होती. डॉ. पटवर्धन होमिओपॅथीचे चिकित्सक होते, शस्त्रवैद्य नव्हते. पण हाताचे माप कामाने घ्यावे, हे त्यांच्या संस्थेने शस्त्रक्रियेवाचूनही दाखवून दिले.

मात्र सरळ झालेला हात हा जाणीव परत आलेला हात नव्हे. या बाबतीत रुग्णाची व कधीकधी शिकाऊ वैद्याचीही गफलत होते. शस्त्रक्रियेनंतर हात अधिक काम करू लागतो, म्हणून इजेचा धोका वाढतोही. ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकणारी, ती हातानेच उलटणारी स्त्री पूर्वी वाकड्या बोटांमुळे ते काम टाळत असे. आता ती ते करू लागते आणि चटका तिला कळत नाही. विळ्याची मूठ जाड कापडाने गुंडाळणे, चहाचा पेला फडक्याने धरणे, रोज रात्री हात पाण्यात भिजवून तेल लावणे व डोळ्यांनी तपासणे, हे शिक्षण शस्त्रक्रियेचाच भाग मानावे लागते. ज्या केंद्रात ते दिले जात नाही, तेथे सुंदर शस्त्रक्रियेची बोटेही काही वर्षांत आखूड होतात.

पायाची गोष्ट याहून बिकट आहे, कारण पायाला विश्रांती नसते. पेरोनियल तंतू गेला की पाऊल लोंबते, चालताना पंजा जमिनीला घासतो, आणि पाऊल आपटू नये म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो. त्यावर घोट्यामागून तळव्याकडे जाणारा एक सशक्त स्नायू सोडवून नडगीच्या बाजूने किंवा दोन हाडांमधील पडद्यातून पुढे आणतात व बोटे उचलणाऱ्या कंडरांशी जोडतात. टाच आखडली असेल तर मागची कंडराही लांबवतात. कुष्ठशल्यातील अत्यंत भरवशाच्या शस्त्रक्रियांत हिची गणना होते. जो स्नायू जन्मभर पाऊल खाली दाबण्याचे काम करीत आला, त्याला ते उचलण्यास शिकवावे लागते, आणि शरीर ते बहुधा शिकते.

तळव्याचे व्रण हा स्वतंत्र विषय आहे. ते जंतूमुळे होतात असा समज होता. तो खोटा ठरला. जाणीव नसलेल्या तळव्याच्या एकाच भागावर चालताना पुन्हा पुन्हा पडणारा दाब हे त्याचे कारण होय. निरोगी मनुष्य पाय दुखू लागताच नकळत चाल बदलतो. या रुग्णाला तो इशारा मिळत नाही. म्हणून साध्या व्रणावर सुरी चालवण्याआधी प्लास्टर घालून पाय निवांत ठेवणे हाच खरा उपचार आहे. हाड सडले असेल तर मात्र मृत अस्थीचा तुकडा व कुजलेला भाग काढावाच लागतो. जखम भरल्यावर सूक्ष्मरंध्री रबराच्या मऊ तळाची पादत्राणे हवीत. पऱ्हाटी व तुरीचे खुंट उभे असलेल्या शेतातून अनवाणी जाणाऱ्यास हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. आणि ती पादत्राणे पाहून गाव रोग ओळखते, म्हणून लोक ती घालीत नाहीत, ही त्यावर ताण. आता साध्या चपलेसारखी दिसणारी पादत्राणे बनतात, हे योग्यच झाले.

अंगच्छेदाचे प्रसंग पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. पण तो करावा लागल्यास एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. अपघातात पाय गमावलेल्याचा उरलेला भाग दुखला की तो कृत्रिम पाय काढून ठेवतो; कुष्ठरुग्णाच्या त्या भागातही जाणीव कमी असू शकते, आणि व्रणाचे चक्र वर सरकते. शक्य तेवढे पाऊल वाचवणे हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळतात.

चेहऱ्यावरील शस्त्रक्रियांत सर्वांत निकडीची पापणीची होय. पापणी मिटत नाही व बुबुळाला जाणीव नाही, हा योग झाला म्हणजे धूळ व कोरडेपणा यांनी दृष्टीच जाते. पापण्यांचा बाहेरचा कोपरा शिवून फट लहान करणे हा सोपा उपाय आहे. अधिक पूर्ण उपाय म्हणजे कानशिलावरील चर्वणस्नायूची पट्टी वळवून पापण्यांतून ओवणे. मग दात आवळले की डोळा मिटतो. जेवताना तो आपोआप मिटतो; एरवी रुग्णाने तशी सवय लावून घ्यावी लागते.

नाकाविषयी एक ऐतिहासिक गंमत सांगण्याजोगी आहे. कापलेले नाक कपाळाच्या कातडीने घडवण्याची भारतीय रीत जगाला ठाऊक झाली ती पुण्याच्या एका प्रसंगामुळे. १७९४ साली तिचे वर्णन लंडनच्या नियतकालिकात छापून आले. परंतु कुष्ठरुग्णाच्या बसलेल्या नाकाला ही रीत लागू पडत नाही. तेथे बाहेरची कातडी शाबूत असते. नष्ट होतो तो आतला अस्तर व मधला पडदा. अस्तर आकसते व नाकाला आत ओढते. म्हणून आतून सोडवून त्वचारोपणाने नवे अस्तर देण्याची गिलीज यांची पद्धत येथे उपयोगी पडली. त्यांचे शिष्य डॉ. नोशीर अँटिया यांनी पुणे व मुंबई येथे या कामाचा पाया घातला, आणि महाराष्ट्रात कुष्ठशल्य हे सुघटनशल्याचे एक सन्मान्य अंग ठरले. गळालेल्या भुवया टाळूच्या केसाळ कातडीने पुन्हा उगवतात. ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी आहे असे म्हणून बाजूस सारणाऱ्याने विवाहाच्या वयातील मुलीची बाजू एकदा तरी ऐकावी.

मज्जातंतूवरील प्रत्यक्ष शस्त्रक्रिया मुद्दाम शेवटी घेतली आहे. सुजलेल्या तंतूभोवतीचे आवरण कापून दाब हलका करतात. तंतूत गळू झाले असेल तर ती निःसंशय करावी. एरवी स्टेरॉइड औषधाहून तिचा अधिक लाभ होतो, असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. लकवा सहा महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोनने पुष्कळदा तंतू सावरतो. म्हणजे ज्या रुग्णाला पहिल्या महिन्यांत मुंग्या, बधिरता वा कोपरातील ठणका यांची दाद लागली, त्याला वर वर्णिलेल्या शस्त्रक्रियांपैकी एकीचीही गरज कदाचित पडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या श्रेणीत केवळ बधिरता असलेला हात पहिल्या श्रेणीत व दृश्य व्यंगाचा दुसऱ्या श्रेणीत मोडतो. शस्त्रवैद्याची गाठ दुसऱ्या श्रेणीशी पडते. वाट मात्र पहिल्या श्रेणीतच चुकलेली असते.

स्थानांतराच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही अटी पाळाव्या लागतात. औषधोपचार पूर्ण झालेला किंवा जंतुबहुल प्रकारात निदान सहा महिने चाललेला असावा. गेल्या सहा महिन्यांत तंतुदाह वा प्रतिक्रिया नसावी. लकवा जुना व स्थिर असावा. सांधे लवचिक असावेत आणि अंगावर उघडी जखम नसावी. सांधे ताठरले असतील तर आधी काही आठवडे मेण व व्यायाम यांनी ते सैल करतात. नंतर सुमारे तीन आठवडे प्लास्टर, त्यापुढे तितकेच किंवा अधिक दिवस नव्या हालचालीचे शिक्षण, आणि जड कामाला सुमारे तीन महिन्यांपर्यंत मनाई.

हा हिशेब मजुराच्या वर्षाशी जुळवावा लागतो. बुडणाऱ्या मजुरीसाठी शासन काही रक्कम देते. पण वेचणी चुकली तर तिची भरपाई त्या रकमेत होत नाही. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली निघाले. शस्त्रक्रिया कोठारा येथे झाली वा अन्यत्र, पुढचे व्यायाम व तपासणी रुग्णाच्या गावाजवळच्या अशा ठिकाणी झाली, तर फेऱ्यांचा खर्च वाचतो. आणि तारीख ठरवताना पंचांग पाहावे ते याचसाठी : होळीच्या सुमारास कापसाचे शेवटचे वेचे उरकतात, पेरणीला मृग लागावा लागतो, आणि त्या दोहोंमध्ये प्लास्टर, शिक्षण व विश्रांती यांना पुरतील असे तीन महिने मिळतात.